लेपाचे डोळे

इथं आखातात, राई नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शेडमध्ये तो पितळी पाट्यांवर ॲसिडनं अक्षरं कोरतो. मूळचा रत्नागिरीचा. कबुतराच्या पिसानं बुडबुडे सारताना तो पाटीशी लाडानं बोलतो, "बस, राणी, बस." माझ्या वाट्याला मात्र भेटीमागे दोन वाक्यं.

डच चित्रकार असेच तांब्याच्या पत्र्यावर मासे कोरून कागदावर छापत, हे त्याला सांगितलं मी! पुस्तक माझं, चित्रकलेची पदवी माझी. त्यानं ते पुस्तक एकदा चाळलं आणि महिनाभरात असा लेप छापला की कागदाला मासळीचा वास यावा. लेप म्हणजे तो चपटा मासा, ज्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. मी जळालो! ॲसिडचा थेंबही न लागता जळालो.

मग मीही एक लेप कोरला आणि इथल्याच हवल्ली भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात त्याच्या लेपाशेजारी ऐटीत टांगला. एक कोकणी वहिनी खोखो हसल्या.

"अहो, आमच्या लेपाचे डोळे डावीकडे असतात! हा कुठला?"

छापताना चित्र उलटतं, हे मी पदवीधर विसरलो होतो. त्यानं मुळातच उलटा कोरला होता. आता सगळे माझ्याकडे बघत होते.

तो म्हणाला, "वहिनी, सरांचा डच लेप आहे. तिकडच्या समुद्रात डोळे उजवीकडेच."

वा! माझ्यासाठी खोटंही किती सफाईनं बोलला! घरी येऊन मी पुस्तक उघडलं. रंगीत चित्रांतल्या प्रत्येक लेपाचे डोळे उजवीकडे होते.

ते पुस्तक माझ्याकडे वीस वर्षं आहे.