आराम पडला का?

माझी नात डॉक्टरकी शिकते. तिच्या पुस्तकात क्षयाचा इतिहास दीड पानात उरकलाय. जंतू कसा सापडला, सुया कधी आल्या, गोळ्या कधी आल्या, सगळं ओळीनं. शेवटी एक वाक्य, की खेड्यातले रोगी अडाणीपणामुळे उपचार अर्धवट सोडत. ते वाचून माझं डोकंच फिरलं. नातीला म्हटलं, बस इथं, उरलेला इतिहास मी सांगते. तिची परीक्षा होती, ती उठून गेली. म्हणून लिहून ठेवते.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. माझी थोरली बहीण, अक्का, जाफराबादकडं दिलेली. एका सकाळी दाजी तिला एसटीनं आमच्या गावी घेऊन आले. तिच्या थुंकीतून रक्त पडत होतं. दाजींनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, चहासुद्धा दारातच घेतला. बाबांना म्हणाले, "आराम पडला की घिऊन जातो, मामा." अक्काची तान्ही नव्हे पण अजून कडेवरचीच लेक त्यांनी सोबत आणली नव्हती.

आमच्याकडं आराम म्हणजे निजून राहणं नव्हे. तेवढी सवड कुठल्या बाईला होती? दुखणं उतरलं, चार घास गोड लागले, की आराम पडला.

बाबा शाळामास्तर. आम्ही बौद्ध झालो तेव्हाच त्यांनी अंगारेधुपारे घराबाहेर काढले होते. शेजारीण म्हणाली, राजूरच्या गणपतीला नवस बोला. बाबा म्हणाले, "नवस न्हाई, दवाखाना." आणि अक्काला जालन्याला नेलं.

डॉक्टर पुण्याकडचे, तरुण आणि खरोखर भले. बाकीचे रोग्यावर खेकसायचे. हे अक्काजवळ स्टुलावर बसले, छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून तिला दाखवला. आमची बोली शिकायची त्यांना फार हौस. म्हणाले, "पूर्ण आराम पडेपर्यंत गोळ्या सोडायच्या न्हाईत बरं का, अक्का." त्या 'न्हाईत'चं आम्हाला केवढं कौतुक वाटलं! बिचाऱ्यानं आमचा शब्द उचलला, त्यातला अर्थ घ्यायचा तेवढा राहिला. त्यांच्या मनातला आराम म्हणजे शेवटचा जंतू मरणं. आमचा आराम खोकला थांबला की पडायचा.

आणि खोकला थांबला. सुया दुखायच्या, गोळ्यांनी मळमळायचं, पण अक्का भाकरी मागून खाऊ लागली. गाल भरले. माय म्हणायची, "बाबाला सांगू नको, पर तुझी दिष्ट काढावं वाटून राह्यलं." अक्का हसायची. आडावरून पाणी आणायला लागली. त्या दिवसांइतकं आनंदी आमचं घर पुन्हा कधी झालं नाही.

मग दाजींचा निरोप आला, आराम पडला का? अक्कानं उलट निरोप धाडला, "बिलकुल आराम हाय. न्यायला या."

निघताना बाबांनी गोळ्यांची पुडी तिच्या पिशवीत घातली. तिनं ती काढून कोनाड्यात ठेवली.

"सासूनं गोळ्या खाताना बघितलं तर म्हनंल, आराम पडलाच न्हाई. मंग लेकराला माझ्याजवळ येऊ देईल का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, अक्का," बाबा म्हणाले.

"आराम पडंपर्यंत सांगितलंय. पडला की!"

बाबांनी पुडी कोनाड्यातच राहू दिली. शब्द तिच्या बाजूचा होता.

पुढच्या उन्हाळ्यात दाजी अक्काला घेऊन पुन्हा दारात. या वेळी चहाही घेतला नाही. आम्ही जालन्याला गेलो. त्याच गोळ्या, त्याच सुया, पण आता काही लागू पडेना. जंतू औषधाला सरावले, असं डॉक्टर म्हणाले. दुसरी औषधं मोठ्या शहरात होती, आणि ती आमच्या आवाक्यातली नव्हती. छातीचा फोटो त्यांनी उजेडात धरला, पण आम्हाला दाखवला नाही. "मी सांगितलं होतं ना, पूर्ण आराम पडेपर्यंत," म्हणाले. बाबांनी अक्काला हात देऊन उठवलं.

अक्काचं अंथरूण पडवीत होतं. एसटीचा आवाज आला की ती मान उचलायची. शेवटी शेवटी बोलायला दम पुरत नव्हता, तरी मायला म्हणाली, "आराम पडला म्हनून निरोप धाडा. मंग आनतेन लेकराला." मायनं निरोप धाडला. खोटा निरोप. कुणी आलं नाही.

अक्का गेल्यावर मात्र तिची सासू पहिल्या गाडीनं आली. पडवीतच बसली, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "सुटली गं बाई. आराम पडला माझ्या सुनंला."

मी हातातला तांब्या फेकून मारणार होते. मायनं माझं मनगट धरलं. सासूच्या मागून अक्काची लेक पुढं आली आणि सरळ आईच्या अंथरुणापाशी गेली. तिला आता कुणी अडवलं नाही.