काका केस बंद करत नाहीत

बँकेच्या चौकशी विभागात आजवर जेवढी माणसं होऊन गेली, त्यांत अडकलेल्या पैशाआधी समोरच्याच्या तब्येतीची विचारपूस करणारा माणूस एकच, आमचे नाहूरचे काका. माझे सख्खे काका नव्हेत हं. अंधेरीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसत आणि मी त्यांची वरिष्ठ असूनही मला 'गो बाय' म्हणत. परदेशातून निघालेले पैसे कुठे अडले की तिकडच्या बँकेला मेसेज करून विचारायचं, एवढंच आमचं काम. बाकीचे दोन ओळी खरडून मोकळे. काकांचा मेसेज नमस्कारापासून सुरू होई, मधे गणपतीत कोकणच्या रस्त्याची कशी वाट लागली ते येई आणि मूळ मुद्दा शेवटी, ताजा कलम म्हणून. मी वैतागून म्हणे, "काका, त्या लोकांना काय करायचंय आपल्या रस्त्याशी?" ते म्हणत, "कोणाच्या घराक गेलंस तर दारातच कामाचा बोलतंस काय गो?" आणि उत्तरं मेली त्यांनाच सगळ्यांत आधी येत.

नॉर्वेतल्या एका बँकेत त्यांची मैत्रीण होती. मैत्रीण म्हणजे काय, मेसेजखालची दोन अक्षरं, एस. बी. वीस वर्षांत ना चेहरा, ना आवाज, ना पूर्ण नाव. एकदा एका खलाशाने तिकडून आईला पाठवलेला पगार आमच्याकडे अडला, कारण पोराने आईचं सासरचं नाव लिहिलेलं आणि खातं माहेरच्या नावावर. काकांनी एस. बी.ला ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो इथपासून सगळं समजावलं. उत्तर आलं, 'नाव दुरुस्त केलं आहे, पैसे जमा करावेत. पण नाव बदलताना त्या बाईंना विचारलं होतं का?' काकांनी त्या संध्याकाळी घरी जाऊन काकूंना विचारलं, तुला चाललं होतं का गो? काकू म्हणाल्या, "आता इचारतास?" दुसऱ्या दिवसापासून काका त्यांना माहेरच्या नावाने हाक मारायला लागले.

मग नवी पद्धत आली. मेसेज लिहायचाच नाही, यादीतून कोड निवडायचा, पुढचं यंत्र बघून घेतं. शिकवायचं काम माझ्यावर. खरं सांगते, पद्धत झकास आहे, आठवडाभर रखडणारं काम दुपारपर्यंत उरकतं. काका शिकलेही पटकन. फक्त एकदा सगळी यादी खालीवर करून म्हणाले, "बरी आसस मां, ह्याचो कोड खंय?" एस. बी.ने कळवलं होतं, ऑपरेशनला जातेय. त्यानंतर काकांनी तीनदा विचारलं, उत्तरं आली, पण त्यांच्याखाली अक्षरं भलत्याच कुणाची. ज्या शुक्रवारी जुनी सोय बंद झाली, त्या दिवशी काकांनी डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं, कारण ती बंद करायचं पत्रक माझ्याच सहीने निघालं होतं.

महिन्याभराने नॉर्वेहून एक उत्तर आलं, नव्या साच्यातलं. त्यात चौकशी हाताळणाऱ्याचं पूर्ण नाव भरावंच लागतं. सिग्रिड ब्रेक्के. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून दोनदा वाचलं. "बरी आसा गो," म्हणाले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. पैसे पोचले होते, आता फक्त 'केस बंद' दाबायचं. मी खूण केली तर त्यांनी माउस बाजूला सारला. "ऱ्हवांदे गो. दाबलंय म्हणजे गेली ती."

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या केसेस माझ्या नावावर आल्या. दर सोमवारी प्रलंबित केसेसची यादी निघते, त्यात ही असतेच, आणि साहेब विचारतात, हिच्यात काय राहिलंय? मी सांगते, बघतेय. तसं त्यात काहीच राहिलेलं नाही, पण मलाही ते बटण दाबवत नाही.