ताटाखालची चिकटपट्टी

आमच्या इशबेलबद्दल सांगायला बसलं की आधी माझीच जीभ आडवी येते. इशबेल म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, वॉटीची, बायको. पंचवीस वर्षं ती आमच्या घरी प्रत्येक सणाला भांडी घासत आली, आणि तिला त्या सिंकपाशी नेऊन उभी केली ती मीच, दुसरं कुणी नाही.

लग्न झालं एकोणपन्नास सालच्या एक जानेवारीला. खाणीतल्या माणसांना सुट्टी मिळायची ती तेव्हाच, म्हणून आमच्या फाइफ परगण्यात कितीतरी लग्नं नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीच लागायची. वर्षभराने त्याच दिवशी इशबेलने हौसेने पाई केली. नव्या वर्षाचं जेवण म्हणजे बीफची पाईच, मांसावर पिठाची पारी घालून भाजलेली. तिची आई, मिसेस लॉरी, ग्लासगोकडून खास आली होती. इशबेलने वरची पारी फोडली, वाफ निघाली, आणि आत मांसाच्या तुकड्यांबरोबर सॉसेज दिसले. तिच्या माहेरी घालतात तसे, आमच्या घरात कधी घातले नव्हते. मी त्या माउलीच्या देखत म्हणाले, "काय गं, तुमच्याकडे मांस पुरत नाही वाटतं? सॉसेजने भर घालता होय?"

बाबा हसले, वॉटीसुद्धा हसला. इशबेल पण हसली, पण तिचे कान लाल झाले होते. मिसेस लॉरींनी काटा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! मला मात्र वाटलं, काय मस्त बोलले. त्यानंतर मिसेस लॉरी आमच्याकडे फिरकल्या नाहीत. "आईला दमा आहे, थंडीत प्रवास झेपत नाही," असं इशबेल दरवर्षी सांगायची आणि आम्ही दरवर्षी मान डोलवायचो. पाईला तिने परत हात लावला नाही. जेवणं झाली की म्हणायची, "ताई, तुम्ही बसा, भांडी मी बघते." मी खुशाल बसायचे.

पाई माझी झाली. आणि चांगली व्हायची, हे खोटं नाही. नळीचं मांस आदल्या दिवशी चढवायचं, कांदा तांबूस करायचा, मंद आचेवर तीन-चार तास, मग रस्सा चमच्याला धरेल इतका दाट. सगळी गल्ली नाव काढायची. लग्न केलं नाही मी, बाबांना सांभाळत राहिले, आणि त्या पाईशिवाय मिरवायला माझ्याकडे होतं तरी काय? मग बोटं आखडली. लाटणं धरवेना, सुरी हातातून निसटायची. सरळ सांगायचं होतं, बाई, आता जमत नाही. पण नाकाने कांदे सोलायची सवय लागली की जात नाही.

आमच्याकडे खाटकाकडे आपलं ताट नेऊन द्यायची रीत आहे. पांढरं, निळ्या काठाचं, तामचिनीचं खोलगट ताट. त्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून जांभळ्या शिसपेनने नाव घालायचं. खाटीक त्यात शिजवलेलं मांस भरतो, वर कच्ची पारी घालतो, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी आपण ते घरी आणून भाजायचं. कितीतरी जणी उघड करतात, त्यात लाज कसली. पण मी आयुष्यभर त्या बायकांना "विकतच्या सुगरणी" म्हणून हिणवलेलं. म्हणून मी सहा मैलांवरच्या गावात जायचे, डोक्याला रुमाल गुंडाळून, बसने. पाच वर्षं केलं असं. सकाळी घरात वास सुटावा म्हणून एक हाडूक आणि कांदा पातेल्यात उकळत ठेवायचे. एप्रनला पीठही फासायचे. पंचावन्न वर्षांची बाई, आरशासमोर उभी राहून एप्रनला पीठ फासतेय. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

चौऱ्याहत्तर साली वॉटी-इशबेलच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्याआधीच्या नाताळच्या आठवड्यात इशबेल माझ्याकडे आली. कोट न काढताच म्हणाली, "ताई, या खेपेला आई येतेय. वॉटी स्वतः जाऊन आणणार आहे. ती आता त्र्याहत्तरची झाली, परत येणं होईल न होईल." मग हातमोज्यांशी चाळा करत म्हणाली, "पाई मी करू का? एवढ्या वर्षीच."

"सॉसेजची?" मी विचारलं.

"आईची. हो, सॉसेजची."

"अगं, पंचविशीचा सोहळा आहे तुमचा, लोक नावं ठेवतील. पाई मी करते. तू नटूनथटून बस."

तिने हातमोजे चढवले. "बरं," म्हणाली आणि गेली. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी नाही म्हटलं, आणि तेही जी पाई मी करणारच नव्हते तिच्यासाठी.

एकतीस तारखेला खाटकाच्या दुकानात रांग दारातून बाहेर गेलेली. माझा नंबर आला. मालकिणीने मागून ताटं आणून ओळीने मांडली, सगळी सारखी, सगळी कागदात गुंडाळलेली. पैसे आधीच दिलेले होते. ती खाली वाकून एकेकाच्या बुडाखालचा कागद सारून नावं बघत होती, तेवढ्यात माझ्यामागे ओळखीचा खोकला ऐकू आला. आमच्या शेजारची मिसेस टलॉक. तिच्यासारखी बातमीदार पंचक्रोशीत नाही. समोरचं ताट उचललं, "हेच माझं" म्हणाले, आणि मान खाली घालून निघाले. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले, पण कागद सोडून नाव बघायची हिंमत काही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाचजण टेबलाला बसलो. बाबा, वॉटी, इशबेल, मिसेस लॉरी आणि मी. मिसेस लॉरी इतक्या वाळल्या होत्या की मला त्यांच्याकडे बघवेना. निळा ड्रेस, गळ्याशी ब्रोच, लेकीसाठी नटून आलेल्या. पाई सोनेरी भाजून निघाली होती. मी ऐटीत पारी फोडली, चमचा घातला, आणि वर आलं ते सॉसेज.

बाबांनी चष्मा सारखा केला. "विल्मा, हे काय?"

खरं बोलायला तेवढा एक क्षण होता. ही पाई माझी नाही, मी पाच वर्षं तुम्हाला फसवतेय, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "इशबेलसाठी घातले. तिच्या माहेरची रीत. चोवीस वर्षांपूर्वी मी नको ते बोलले होते, म्हणून."

वॉटी उठून उभा राहिला. माझा भाऊ खाणीत छताखाली दबला तेव्हाही रडला नव्हता, त्याच्या डोळ्यात पाणी आलं. ग्लास उचलून म्हणाला, "माझ्या ताईसारखं मन कुणाचं नाही." इशबेलने तोंडावर रुमाल धरला आणि हुंदके द्यायला लागली. मिसेस लॉरींनी टेबलावरून त्यांचा हाडकुळा हात पुढे करून माझ्या आखडलेल्या बोटांवर ठेवला. "देव भलं करो तुझं, पोरी," म्हणाल्या. दोनदा वाढून घेतलं त्यांनी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते कशाला म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग एकदम आठवलं, ताटाखालची पट्टी! ओव्हनमध्ये ती जळून जाते अशी माझी समजूत होती, पण खात्री कुठे केली होती? इशबेल ताट घेऊन आत गेली होती. मी धावत मागे गेले. "तू बस, आज भांडी मी घासते."

"बघा, ताई भांडी घासणार," बाहेर वॉटी म्हणाला. "आज सूर्य पश्चिमेला उगवलाय."

इशबेल सिंकपाशी उभी होती. ताट तिने पालथं धरलं होतं आणि सुरीच्या टोकाने करपलेली पट्टी खरवडत होती. जांभळी अक्षरं चांगली वाचता येत होती. 'मिसेस रेनी', जिचं ताट मी उचलून आणलं होतं ती.

"इशबेल," मी म्हणाले.

ती खरवडतच राहिली. "एरवी आपलं गिल्क्रिस्ट नाव असतं," ती हळूच म्हणाली. "पाच वर्षं मीच काढतेय ना ही. बाबा कधीतरी ताट उचलून ठेवतात, त्यांच्या नजरेला पडायला नको."

पाच वर्षं. मी तिला भांड्यांना जुंपलं होतं, आणि तिथे उभी राहून ती माझी झाकली मूठ झाकलेलीच ठेवत होती. नाताळात माझ्या दारात उभी राहून पाई मागत होती तेव्हाही तिला सगळं ठाऊक होतं. एक शब्द टाकला असता तरी मी गप्प झाले असते.

"मग रडलीस का?" मी विचारलं. "माहीत होतं ना तुला, खोटं बोलतेय मी?"

"खोटं तर खोटं," ती म्हणाली. तिने पट्टीचा शेवटचा तुकडा काढून चुलीत टाकला. "पण आईने ऐकलं ना, ताई."

बाहेरून वॉटीने हाक मारली, "अगं, काय चाललंय दोघींचं आत एवढा वेळ?"

मी दाराकडे वळले. सांगायचंच ठरवलं होतं, शपथेवर सांगते. इशबेलने ओल्या हाताने माझं मनगट धरलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काही नाही हो, ताई मला पाईची कृती सांगतायत."

मग तिने माझ्या हातात फडकं दिलं आणि मी ताट पुसायला लागले.