आईच्या अनवाणी पायांसाठी गगनबावडा

या खेपेला गगनबावड्याला धुकं बघायला नाही, आईला चपला घालायला लावायला निघालो. धाकटा भाऊ डॅनियल सहा वर्षांपूर्वी माझ्याशी भांडून घर आणि चर्च दोन्ही सोडून गेला. तो प्रभूकडे परत येईपर्यंत आईनं अनवाणी राहायचा नवस केला. आमच्या चर्चमध्ये नवस बसत नाही, पण शेजारणी जोतिबाला बोलतात, ते हिनंही उचललं. आता साखरेमुळे टाचेची जखम भरेना, आणि डॉक्टरांनी मलाच झापलं.

पुण्याहून पहाटेची एसटी धरली तर दुपारी कोल्हापूर. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. रस्सा जपून मागा, मला घाम फुटला. पुढं दोन तास वळणांचा रस्ता, उलटीची गोळी जवळ ठेवा. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पिशवीतल्या मऊ चपला चारदा काढून बघितल्या.

"पावणं, खिडकी लावा की! सगळं धुकं आत यायलंय," कंडक्टर ओरडला.

घरी पोचलो, तर आईनं चपलांकडे बघितलंही नाही. शेवटी गावच्या चर्चच्या पाळकांना बोलावून आणलं.

"मावशी, तुमच्या पायांनी तारण होत असतं तर प्रभू क्रुसावर कशाला गेला असता?" पाळक म्हणाले. "ती त्याची कृपा हाय."

"व्हय. पर कृपा त्याच्या मर्जीची," आई म्हणाली. "माझ्या लेकावर मर्जी न्हाय झाली तर?"

पाळकांनी कप खाली ठेवला. चहा निवून गेला.

"त्ये मला ठावं न्हाय, मावशी. त्यो दयाळू हाय, एवढंच ठावं हाय."

मला संताप आला. एवढ्या लांब येऊन हे उत्तर? पण रविवारी उपासनेला निघताना आईनं स्वतःच चपला घातल्या आणि ती रडली.

"आता माझ्या हातात काय बी ऱ्हायलं न्हाय," ती म्हणाली. "तू बी सोड आता. दर महिन्याला हेलपाटं घालतोस, त्ये बी अनवाणी फिरल्यागतच हाय. डॅनियलला बोललास त्ये फेडाय लागलाईस."

वाटेत ती म्हणाली, "फुडच्या खेपेला त्याच्या मापाच्या आण."

"तो येणार हे कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय."

पुण्यात परतून आठवडा झाला, जीव अजून ठिकाणावर नाही. काल दुकानात गेलो. डॅनियलचं माप न आठवता तोंडात आलं.

"आठ दिवसांत बदलून मिळतील," दुकानदार म्हणाला. "तोवर घालून बघतील ना?"

"सांगता येत नाही," म्हणालो, आणि खोकं उचललं.