सरकीचं माहेरचं आजारपण

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि आमच्या फाटकातून नको त्या वेळी डोकावणारे सर्व हितचिंतक यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घराण्याची धाकटी कन्या कुमारी सरकी, राहणार अमरावती, हिची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. सर्वांनी कृपया जागेवर उभे राहावे.

मी उभीच होते. डॉक्टरांच्या टेबलावर आमचं पिल्लू ओल्या फडक्यासारखं पडलं होतं. शेजारी एक पांढरी पट्टी, तिच्यावर दोन लाल रेघा. आमचे हे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. दोन रेघांचा त्यांना एकच अर्थ माहीत.

"म्हंजे? एवढ्याशा पोरीले पिल्लं?"

डॉक्टर हसले नाहीत.

"पार्व्हो आहे," ते म्हणाले. पार्व्हो हा कुत्र्यांचा विषाणू. माणसाला होत नाही, पण पिल्लाच्या आतड्यांचं अस्तर सोलून काढतो. मग उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि अंगातलं पाणी भराभर संपणं. त्याला डीहायड्रेशन म्हणतात. या विषाणूला मारणारं औषध नाही. पिल्लाला सलाईनवर तगवून धरायचं आणि त्याच्या अंगातल्या ताकदीनेच लढाई जिंकायची वाट बघायची.

"पुढचे तीन-चार दिवस निघाले, तर निघाली," डॉक्टर म्हणाले.

आता मुलीची थोडी ओळख. सरकीचं माहेर अकोल्याचं. माझी नणंद अक्का, तिच्या घरच्या मैना कुत्रीची ही लेक. काळ्या अंगावर पांढरी लव, म्हणजे हुबेहूब कपाशीचं बी. ह्यांचा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये देखरेख करण्यात गेला, त्यामुळे दुसरं नाव सुचणारच नव्हतं.

मुलं नोकरीला लांब गेल्यापासून आमचं घर सुनं झालं होतं. अक्काने परस्पर ठरवलं की यांना पिल्लू द्यायचं. "कुत्रं अंगणात राहीन, घरात नाही," एवढं हे माझ्यापाशी म्हणाले. अक्कापाशी काहीच म्हणाले नाहीत. अक्का ह्यांच्याहून बरीच मोठी; तिनेच ह्यांना कडेवर वाढवलं. तिच्यापुढे ह्यांचा आवाज निघालेला मी लग्नापासून ऐकलेला नाही.

निघताना अक्काने सरकीला पाटावर बसवलं. कुंकू लावलं. खण, नारळ आणि तांदूळ माझ्या पदरात घालून तिची रीतसर ओटी भरली आणि डोळे पुसले. "वयनी, कुत्रं नाही, पोरगी देऊन राहिली. सांभाळजा."

सांभाळलं ना! नव्या सुनेसारखं सांभाळलं, आणि तिथेच घोळ झाला.

आमच्या गल्लीत नवी नवरी आली की प्रत्येक घर तिला बोलावतं. हळदकुंकू होतं, तोंड गोड होतं, उखाण्याचा आग्रह होतो. सरकीच्या वाट्याला हा सगळा थाट आला. फक्त उखाणा तेवढा राहिला. शेजारच्या रजियाभाभींनी तिच्या गळ्यात जरीची फीत बांधली. घरोघरच्या अंगणात तिला खाली सोडायचं, बायकांनी गोल करायचा आणि "चाल माय, चालून दाखव" म्हणायचं. ती चालायची, आपटायची, पुन्हा चालायची. मी मागून वरमाईच्या तोऱ्यात.

आठवड्याभरात तिने खाणं सोडलं. मी दृष्ट काढली. तिला फेसाची उलटी झाली. मी पुन्हा काढली. मग रक्त पडलं, आणि असा वास सुटला की हे तिला शर्टात गुंडाळून बाहेर पडले. शर्ट इस्त्रीचा होता, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

"लस दिली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता द्यायचीच होती."

"बाहेर जमिनीवर सोडलं होतं?"

ह्यांची छाती फुगली. "बाहेर? अख्खी गल्ली फिरवली साहेब! एक घर सोडलं नाही!"

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून हा विषाणू मातीत उतरतो आणि महिनोन्महिने तिथे जिवंत राहतो. लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाचे पाय बाहेरच्या मातीला लागू द्यायचे नसतात. ह्यांची छाती हळूहळू खाली गेली. आम्ही पोरीला मानाने घरोघर नेलं होतं, आणि त्यातल्या कुठल्याशा अंगणातून ती मरण पायाला लावून आली होती.

सलाईन सुरू करून डॉक्टर म्हणाले, "अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. हिला वेगळं ठेवावं लागेल, सतत लक्ष लागेल."

अकोला. म्हणजे अक्का. फोन मीच केला. अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग, "आणा. मी फाटकापाशी उभी आहो."

रजियाभाभींनी आम्ही मागायच्या आत गाडीची किल्ली हातात दिली. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा गाडी मी चालवत होते आणि हे मागच्या सीटवर होते. अंगणात राहणारं कुत्रं मांडीवर होतं आणि ते तिचं नाक ओल्या कापसाने पुसत होते.

अक्का खरंच फाटकापाशी होती. तिने आधी सरकीकडे पाहिलं, मग भावाकडे. "इथून तं उड्या मारत गेलती रे." ह्यांनी मान खाली घातली.

सरकीला आयसोलेशनमध्ये ठेवलं. म्हणजे इतर जनावरांपासून वेगळी खोली. जाळीच्या दारातून बघायचं, आत जाताना चपला औषधात बुडवायच्या. पायाच्या शिरेत कॅन्युला बसवला. ही बारीक नळी, वारंवार टोचावं लागू नये म्हणून. उलटी थांबायचं इंजेक्शन, दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक. आणि दारावर पाटी: एनपीओ.

"म्हणजे तोंडावाटे काहीही नाही," तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "आतड्यांना सुट्टी द्यायची. पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

नेमकी तेव्हा अक्का डबा उघडत होती. मऊ भात आणि कोंबडीचा रस्सा.

"माहेरी आलेली पोरगी उपाशी ठेवू?" अक्काचा आवाज चढला. "कोन्या गावची रीत होय हे?"

"आजी, खाऊ घातलंत तर जाईल ती."

अक्काने डबा बंद केला. जिच्या दारातून पोस्टमनही जेवल्याशिवाय जात नाही, ती बाई मांडीवर डबा धरून बाकावर बसली. पण दुसऱ्या दिवशी ती मोठा डबा घेऊन आली आणि सगळ्या प्रतीक्षालयाला वाढत सुटली. अकोटहून बकरी घेऊन आलेले एक चाचा होते. त्यांची बकरी चारा खात नव्हती, पण चाचा दोनदा जेवले. "बेटी कैसी है?" हे त्यांचं रोजचं विचारणं.

बेटी चांगली नव्हती. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. त्यात पांढऱ्या पेशी, म्हणजे अंगातली फौज, घसरत चालल्या होत्या. एके सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज फार कमी आहेत. आजचा दिवस बघू."

असा दिवस तुमच्यावर आला तर काय करायचं, ते मला सांगता येणार नाही. आम्ही काय केलं, ते सांगते. मी मोबाइलमधला तिचा आपटतानाचा व्हिडिओ बघत बसले. अक्का जप करत होती आणि मधेच मणी विसरत होती. आणि आमचे हे, घरात चार शब्दांवर दिवस काढणारे, जाळीला तोंड लावून बोलत होते. "सरके, ऊठ ओ. आपली गल्ली धुतली सगळ्याइनं. तुह्यासाठी. रजियाभाभीनं फीत धुऊन वाळत घातली. मोठ्या फाटकावाल्या काकूच्या घरी तं तू एकदाच गेलती. रागावली ना थे."

गल्ली धुतली, हे खरं होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं प्रमाण घेऊन ब्लीचने आमच्या बायकांनी अंगणं, ओटे, पायऱ्या घासून काढल्या. कुणी कुणाच्या अंगणाला बोल लावला नाही. या एका गोष्टीसाठी मी आमच्या गल्लीवरून जीव ओवाळून टाकीन.

सरकी त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पेशी थोड्या वर आल्या, उलट्या थांबल्या, पण ती मान उचलेना.

मग एका दुपारी चाचांची बकरी जाळीच्या दाराशी जाऊन ओरडली. एकदम खणखणीत. आणि आतून उत्तर आलं. "भ्."

सगळं प्रतीक्षालय जाळीकडे वळलं. बकरी पुन्हा ओरडली.

"भ्वॉ!"

बाई गं! आमचा थोरला गुणवत्ता यादीत आला त्या दिवशीही मी अशी नाचले नव्हते. चार पायांवर लटपटत, नळी लावलेला पाय वर धरून, बकरीला दम देत उभी होती आमची पोरगी! चाचा बकरीच्या पाठीवर थापा मारत म्हणाले, "देखा? मेरी डॉक्टर है ये!"

चमचाभर पाणी दिलं. टिकलं. मग पेजेचं पाणी, आणि त्यानंतर अक्काचा मऊ भात बोटाबोटाने. अक्काने डबा असा उघडला की जणू सोन्याचा कलश.

पिल्लू आणणाऱ्यांनो, हात जोडून सांगते. लस आधी, मिरवणूक नंतर. पिल्लाने एक वेळ खाणं सोडलं आणि उलटी केली, तर दृष्ट नंतर काढा, डॉक्टर आधी गाठा. उपाशी ठेवा म्हटलं तर काळजावर दगड ठेवून उपाशी ठेवा. आणि घोळ तुमच्याच हौसेने झाला असला, तरी जाळीपाशी बसून बोलत राहा. त्याचा औषध म्हणून उपयोग होतो की नाही, डॉक्टरीणबाई सांगेनात. त्या फक्त हसल्या.

घरी सोडायच्या दिवशी निम्मं प्रतीक्षालय निरोपाला उभं होतं. अक्काने सरकीला पदरात घेतलं आणि जाहीर केलं, "मी म्हन्तो, राहू द्या हिले इथंच. तुमच्याच्यानं नाही होत. चांगली पोरगी देल्ली, अन् काय करून आनली!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. अक्कासमोर त्यांची मान सवयीने खाली गेली. मी मनातल्या मनात सरकीला निरोपसुद्धा देऊन टाकला.

तेवढ्यात पदरातून तिने मान काढली आणि जाळीपाशी ऐकलेला आवाज शोधत इकडेतिकडे बघायला लागली. आणि आमचे हे, सख्ख्या बहिणीपुढे जन्मात पहिल्यांदा, साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असे ओरडले:

"पोरगी माही हाय, अक्का! तू फक्त ओटी भर!"