इंदूमावशीच्या ओठाला कळायचं

माणूस जातो, विद्या मागे राहते, असं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. दिवाळीनंतरच्या एका सकाळी संगीताचा फोन आला, "सर, मावशी गेली..." आणि दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं ते हे की, बरं झालं, आपण सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. शिक्षक असेच असतात.

इंदूमावशी भाजे गावची. लोणावळ्यातल्या एका कारखान्यात तिने तीस वर्षं चिक्की लाटली. पाक निवायच्या आत लाटावी लागते, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं कधीच मेली होती. पेल्यातला चहा गरम आहे की निवलाय, हे ती ओठ लावूनच ओळखायची. पुढे दम लागायला लागला, डॉक्टरांनी भट्टीपुढे उभं राहू नका म्हणून बजावलं, आणि मालकाने तिला चॉकलेटच्या टेबलावर बसवलं. तिथे शिकलेली शेंगदाण्याची चॉकलेटं ती दर नाताळच्या सुट्टीत माझ्या घरी येऊन करायची. संगीता, म्हणजे तिची भाची आणि माझी जुनी विद्यार्थिनी, तेव्हा पुण्याहून यायची. आणि माझ्या ओट्याला संगमरवर होता. "तुमचा वटा लय गार हाय, मास्तर," ती म्हणायची, "कुनी रांधत न्हाई म्हून आसंल."

शेंगदाणे ती गावाहून फडक्यात बांधून आणायची. पातेल्यात उकळतं पाणी, त्यावर चॉकलेटचं भांडं. वितळलं की खाली घेऊन ढवळत राहायची. मग चमच्याच्या टोकावरचा एक थेंब खालच्या ओठाला लावून डोळे मिटायची. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. "आजून ताप हाय त्याला." पुन्हा ढवळणं, पुन्हा थेंब... "आता जरासं गार लागतंय. टाका शेंगदाणं!" संगमरवरावर चमच्याने सोडलेले गोळे थोड्याच वेळात आरशासारखे चकाकायचे, आणि मोडले की टक् असा आवाज यायचा.

मी पुस्तकी माणूस. एका वर्षी पुण्याहून तापमापक आणला, स्वच्छ धुतला आणि तसाच ओला भांड्यात बुडवला. वितळल्या चॉकलेटला पाण्याचा थेंब सोसत नाही, हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. बघता बघता सगळं रेतीसारखं आळलं. मावशी मला काही बोलली नाही, तापमापकाला बोलली. "काय रं, लय शिकलेला दिसतुयास!" मग गरम दूध घालून तिने त्याचे लाडू वळले. पुढल्या वर्षी मी तो नीट कोरडा करून, तिची नजर चुकवून बुडवला. ती "टाका" म्हणाली तेव्हाचा आकडा टिपून ठेवला. त्याच्या पुढल्या वर्षी तोच आकडा. नंतरही तोच. मी सहसा कुठे हात जोडत नाही. त्या ओठापुढे मात्र मनातल्या मनात जोडले, आणि वही घेऊन बसलो.

विहारातल्या शोकसभेत एका पुढाऱ्याने तिला 'मावळच्या गोडव्याची शिल्पकार' म्हटलं आणि तिचं नाव दोनदा चुकवलं. बाहेर येऊन संगीता म्हणाली, "सर, मला तिने कधी ओट्यापाशी येऊच दिलं नाही. 'तू पाव्हनी, तू खा,' म्हणायची. तुम्ही बघितलंय. तुम्हाला नाही जमलं, तर संपलंच ना ते..."

नाताळच्या सुट्टीत ती आली. मी वही उघडली, मावशीचं भांडं काढलं, तापमापक कोरडा करून जवळ ठेवला. संगीताने त्याच्याकडे पाहिलंही नाही. थेंब ओठाला लावून तिने डोळे मिटले, अगदी तसेच. बऱ्याच वेळाने म्हणाली, "गार लागतंय, सर." मी आकडा पाहिला. तोच होता. मी शेंगदाणे टाकले. गोळे चकाकले. संगीताने एक मोडला, टक् वाजलं. तिचे डोळे भरून आले. मग तिने तो तोंडात टाकला, आणि चावता चावता थांबली.

"सर, शेंगदाणे कच्चे आहेत."

मावशी ते घरूनच भाजून आणत असणार, आणि ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी वही पाहिली. पहिल्याच ओळीत, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'शेंगदाणे, अर्धा किलो, भाजे.' ते आम्ही त्या सकाळी मुद्दाम भाजे गावात जाऊन आणले होते.