मागे वाजत होतं ते

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, पण चैत्राचं ऊन तापायला लागलं की ते मला आजही धड जेवू देत नाही.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला एक म्हातारा आला. पावसावरची शेती आणि जंगलातला डिंक यावर जगणारा माणूस. मुलगी घरातून निघून गेली, असं जावयाने त्याला कळवलं होतं. पाठोपाठ त्याच्या मोबाईलवर तिच्या आवाजातला मेसेज आला होता, "आबा, मी सुरतले शे. खुशाल शे. माले शोधू नका."

"मग झालं की, आबा," मी म्हणालो. "पोरगी सज्ञान आहे, स्वतःच्या तोंडाने सांगतेय."

"साहेब, ती खोटं बोली राहिनी. तिना मांगे काय वाजी राहिनं ते आयका."

ऐकायला वेळ कुणाला होता! मिसिंग दाखल केली, तिच्या फोनचं लोकेशन मागवलं. ते सुरतचंच निघालं. पथक पाठवलं आणि दुसऱ्या फायली उघडल्या. दोन दिवसांनी पथक हात हलवत परत आलं. तोवर म्हातारा आवारातल्या लिंबाखाली बसून होता.

तिसऱ्या दिवशी लाजेकाजेस्तव मी तो मेसेज कानाला लावला. तिच्या बोलण्यामागे ठोक-ठोक चालू होती, मध्येच 'थप्प' असा आवाज. आमच्या हवालदार बाई म्हणाल्या, "सर, कल्हईवाल्या चाचांना बोलवू?"

चाचांनी डोळे मिटून चार वेळा ऐकलं. "साहब, तांब्याचा हंडा मठारतायत. पितळ असं वाजत नाही. हातोड्या दोन आहेत. सुरत कशाला, इथल्याच तांबटांच्या सोनगीरला जा."

मठारणं म्हणजे घडवलेल्या भांड्यावर हातोडीचे ठोके देणं. आणि जावई लहानाचा मोठा सोनगीरलाच झालेला! त्याला चौकशीला आणवलं आणि साध्या वेशात दोन शिपाई सोनगीरला पाठवले. गल्लीचं नाव बोलायचं, मग मिनिटभर गप्प उभं राहून मोबाईलवर आवाज टिपायचा. पुढच्या गल्लीत पुन्हा तेच.

जावई ताकास तूर लागू देईना. दुसऱ्या दिवशी दुपारी रेकॉर्डिंग पूर्ण झालं. हंडे चार गल्ल्यांत वाजत होते, पण एकाच गल्लीत पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा सांधा फिरताना थप्प करत होता. ते रेकॉर्डिंग आणि मेसेज मी त्याला लागोपाठ ऐकवले. तेव्हा त्याचं तोंड उतरलं. मारहाणीची तक्रार देईन म्हणाली, म्हणून बायकोला मामाच्या रिकाम्या खोलीत कोंडलं होतं. तिच्या फोनचं नेट बंद ठेवून, धमकावून मेसेज वदवून घेतला. मग फोन सुरतला नेऊन नेट चालू केलं, की मेसेज तिथून सुटला. काय डोकं चालवलं होतं पठ्ठ्याने!

"आणि मागची ठोक-ठोक?" मी विचारलं.

"मला ऐकूच आली नाही, साहेब. जन्मापासून चालूच आहे ती. आमच्या गल्लीत त्याला कुणी आवाज म्हणत नाही."

गिरणीमागच्या खोलीचं कुलूप तोडलं. वर तापलेला पत्रा, कोपऱ्यात कोरडा माठ. तिने पाण्यावाचून प्राण सोडला होता. हाका मारल्या असतीलच तिने. त्या ठोक्यांत कुणाला ऐकू जाणार?

शवविच्छेदनानंतर म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, कधी गयी मन्ही पोर?"

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, कुलूप तोडलं त्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे तो पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर उभा होता तेव्हा ती जिवंत होती. मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही, आबा." तीस वर्षांच्या नोकरीत इतकं भित्रं वाक्य मी दुसरं बोललो नाही.

त्या तपासाबद्दल मला बक्षीस मिळालं, सेवापुस्तकात नोंद आहे. नव्या फौजदारांना मी एवढंच सांगतो, की तक्रारदार गरीब असला आणि त्याची बोली वेगळी असली की आपण त्याचं निम्मंच ऐकतो. त्या जावयाला गल्लीतली हातोडी ऐकू आली नाही, तसं मला समोरच्या माणसाचं ऐकू आलं नव्हतं.

खटल्यात डॉक्टरांची साक्ष झाली. त्यांनी मृत्यूचा दिवस सांगितला, तेव्हा म्हातारा मागच्या बाकावर होता. मी वळून पाहिलं नाही. नंतर वऱ्हांड्यात तोच माझ्यासमोर येऊन थांबला. चिडला नाही, रडला नाही.

"मी तं पयलाच दिन सांगेल व्हतं, साहेब," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.